मिलकाचं चौथं दार

“ये बाळ, आत ये,” कर्णिक बाई म्हणाल्या.

बाळ काही आत जाईना. आमची मिलका शाळेच्या उंबऱ्याबाहेर उभी होती आणि तिचा उजवा हात दाराच्या चौकटीवर फिरत होता. खालून वर, वरून खाली. अंधारात दिव्याचं बटण शोधतात ना, तसा.

“कुठंय?” ती म्हणाली.

“काय शोधतेय ती?” बाईंनी मला विचारलं.

“बाई, तुमच्या दाराला एक वस्तू कमी आहे,” मी म्हणालो.

“माझ्या दाराला?”

“कडी आहे, कोयंडा आहे, बिजागऱ्या तर माझ्याच दुकानातल्या दिसतायत. मेझुझा नाही.”

बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. पेणमध्ये मला ओळखणारा माणूस माझं पहिलं वाक्य कधीच खरं धरत नसे, आणि त्याला कारणंही होती. बाजारात भर रस्त्यात रुपयाचं नाणं खिळ्याने ठोकून समोरच्या ओट्यावर चहा पीत बसणारा तो मी. मेव्हण्याच्या लग्नात नवरदेवाने पायाखाली फोडायचा काचेचा पेला असतो आमच्यात, त्याच्या रुमालात काचेऐवजी स्टीलचा पेला गुंडाळून ठेवणाराही मीच. बिचारा पाय आपटून आपटून घामाघूम झाला, नवरी हसून हसून खाली बसली. पण माझा एक नियम होता. ज्याची मस्करी केली त्याला मागाहून हसता आलं पाहिजे. ज्याला हसता येणार नाही त्याच्या वाटेला मी जात नसे.

तर बाईंना वाटलं, हीही मस्करीच. मग सिपोरा, माझी बायको, पुढे झाली आणि तिने सरळ सांगितलं.

“बाई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. आमच्यात दाराच्या उजव्या चौकटीला एक पितळी डबी तिरकी बसवतात, तोच मेझुझा. आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना असते. आत जाताना तिला बोटं लावायची, बोटं ओठांना लावायची. हिला ते पक्कं बसलंय. त्याच्याशिवाय ही दारात पाऊल टाकत नाही.”

“कुठल्याच दारात?”

“तीन दारं आहेत. घर, ह्यांचं दुकान, आणि आमची मशीद.” आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो. “बाकी कुठे नाही. माझ्या आईच्या खोलीतसुद्धा नाही. ती भाड्याची आहे, तिथे नाहीये.”

तेवढ्यात मिलकाच्या हाताने शोधणं सोडलं. ती खाली बसली आणि “कुठंय कुठंय कुठंय” असं चढत्या आवाजात सुरू झालं. त्याचं पुढे काय होतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. नऊ वर्षांची पोर, अंगाने चांगली भरलेली. मी वाकून तिच्या काखेत हात घातले.

“उचलायचं नाही,” कर्णिक बाई म्हणाल्या.

“अहो बाई, दोन पावलं तर आहेत.”

“उचलून आणलेलं मूल रोज उचलून आणावं लागतं, झिराडकर. आज तुम्ही उचलाल, उद्या मी, परवा माझी कंबर जाईल. इथं मुलं स्वतःच्या पायांनी आत येतात. पाच मिनिटं लागोत नाहीतर पाच दिवस.”

लागू देत म्हणाल्या, पण दिवस काही त्यांच्या हातात फारसे नव्हते. विशेष मुलांची शाळा आसपास ती एकच, आणि जागाही एकच रिकामी होती. नागोठण्याचा एक मुलगा वाट बघत होता.

“सोमवारी अकराला परत आणा,” त्या म्हणाल्या. “आली आत, तर जागा तिची. नाही आली तर त्याची. त्याच्या आईलाही मला तोंड दाखवायचंय.”

“मग मी ती डबी लावून देतो ना दाराला. दोन स्क्रू. फुकट.”

“नाही.”

“दिसणारसुद्धा नाही.”

“झिराडकर, हे पेण आहे. अख्खा गाव गणपती घडवतो. तिकडच्या कारखान्यातून मला दर वर्षी एक मूर्ती भेट येते आणि मी ती दर वर्षी परत पाठवते. कुणाचाच देव मी इथं लावत नाही. एकाचा लावला की दुसऱ्याचा का नाही, हे भांडण मला शाळेत नको. तुमच्यासाठी नियम मोडू?”

बोलणं रास्त होतं, त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग आला.

*

शुक्रवार होता. सिपोराने शब्बाथचे, म्हणजे आमच्या पवित्र शनिवारचे, दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली, आणि हात काढल्या काढल्या म्हणाली, “मी मोडणार नाही.”

“काय?”

“मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, सवय मोडा. घरातले सगळे मेझुझे महिनाभर काढून ठेवा, रडेल आणि विसरेल. तुमच्या बहिणीनेही तेच सांगितलं. मी मोडणार नाही.”

मी काही म्हटलंच नव्हतं. पण मला माहीत होतं ती कुणाशी बोलतेय. मिलका चार वर्षांची होईपर्यंत तिला काहीच येत नव्हतं. हाक मारली तर बघायची नाही, दिलं तर घ्यायची नाही. सिपोराने तेव्हा एकच गोष्ट धरली. रोज तिला दारात उचलून घ्यायची, तिचा हात हातात धरून मेझुझाला लावायची, मग ओठांना, मग आत. परत बाहेर. परत हात, ओठ, आत. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, सिपोरा दारात कवायत करते. पाऊस गेला, थंडी गेली, आणि एक दिवस कडेवरच्या पोरीने स्वतःहून हात उचलला. ‘आई’ म्हणायच्या आधी मिलकाला हे आलं. तेव्हापासून एकदाही चुकलं नाही. मोरी-संडासाला मेझुझा लावत नाहीत, म्हणून तिथली दारं काढून मी पडदे टाकले. पडद्याशी मिलकाचं काही भांडण नव्हतं.

“ह्या मुलीला जे एक येतं ते मी तिच्याकडून काढून घेऊ?” सिपोरा म्हणाली. “ते काढल्यावर उरेल काय? तिला दारं येतात. दारांना ती येत नसेल तर दारं बदला.”

“बदलू की. धंदाच तो आहे आपला.”

मी खिशातून पितळी नळीचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. दुपारीच कापून, टोकं बंद करून, घासून चकचकीत केला होता. हुबेहूब.

सिपोराने तो हातात घेतला. कानाशी हलवला. “आत काय आहे?”

“हवा.”

“म्हणजे रिकामी.”

“तिला कुठे कळतंय, सिपोरा? तिला पितळ लागलं म्हणजे झालं. दाराला कोपऱ्यात बारीकशी बसवतो, बाईंनाही कळणार नाही.”

तिने नळी माझ्या ताटाशेजारी ठेवली. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, रागावलेल्या बायकोला हसवता येतं.

“तुमचा तो नियम काय आहे हो?” ती म्हणाली. “गावभर सांगत फिरता तो?”

मी पावावरचं फडकं नीट केलं.

“ज्याची मस्करी केली त्याला मागाहून हसता आलं पाहिजे. हिला कधी सांगणार तुम्ही, की बेटा, रोज ज्याला ओठ लावलेस ती रिकामी नळी होती? कधी हसेल ती?”

पलीकडे मिलका दिव्याच्या ज्योतीकडे टक लावून बसली होती. मी नळी परत खिशात टाकली. पाव मोडला, मिठाला लावला, सगळ्यांना दिला. त्या रात्री मला एकही चावट गोष्ट सुचली नाही, म्हणजे बघा.

*

शनिवारी मशिदीत प्रार्थना संपल्यावर मी दानियल काकांना गाठलं. दानियल काका आमचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. आवाज गोड आणि जीभ तिखट.

“काका, एक खरा मेझुझा पाहिजे. सोमवारच्या आत.”

“सोमवारच्या आत? ती काय कुल्फी आहे? मुंबईला निरोप धाडायचा, तिथून चामडं यायचं, महिना तरी धर. आणि कशाला पाहिजे?”

मी सांगितलं. काका टोपी काढून डोकं खाजवत बसले.

“बाईंना विचारून लावणार की न विचारता?”

“बाई नाही म्हणाल्यात.”

“म्हणजे विचारून, पण न ऐकता. सामू, ती आपली पवित्र वस्तू. कुणी वर रंग फासला, कुणी उपटून टाकली, तर?”

“तर माझ्या माथ्यावर.”

“त्या माथ्यावर जागा उरलीय का अजून?” काका म्हणाले. मग टोपी परत घालत, “तुझ्या दुकानाला एक आहे. तुझ्या बापाने बसवलेला. आत चामडं चांगलं आहे, गेल्या साली मीच तपासलं.”

“मग तोच काढतो.”

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तो काढलास तर पोरगी दुकानात कशी यायची?”

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि मी त्याला बाजूला उभं करून ठेवलं होतं.

रोज दुपारी दोन ते पाच मिलका माझ्या दुकानात असे. सिपोराला पाठ टेकायला तेवढाच वेळ. मिलका दाराशी येई, मेझुझाला बोटं लावी, ओठांना लावी, आणि आत येऊन गल्ल्यासमोर उभी राही. मी आधीच गल्ल्याखाली दडून बसलेला असे. मग एकदम वर उसळून “भॉक!” करायचं. मिलका हसायची. आख्ख्या दिवसात तेवढंच हसायची, दुसऱ्या कशाला नाही, कुणाला नाही. मग खाली बसून एक बिजागरी घेऊन उघडमीट करत राहायची, आणि मी गिऱ्हाइकांशी, तिच्याशी, भिंतीशी, सगळ्यांशी बडबडत राहायचो. समोरचा मेवालाल शिंपी म्हणायचा, सामूशेठ, तुम्ही दुपारी दुकान चालवता का रेडिओ?

“नाही यायची,” मी काकांना म्हटलं. “शाळेत जाईल ना दुपारची. दुकानात येऊन काय करायचंय तिला?”

“बरं,” काका म्हणाले. उठता उठता म्हणाले, “काढताना बापाचं नाव घे. तो असता तर त्यानेच काढून दिला असता.”

*

रविवारी दुकान बंद ठेवून मी मेझुझाचे स्क्रू सोडवले. इतक्या वर्षांचे, गंजलेले, एक तर फिरेचना. मेझुझा निघाला आणि चौकटीवर खाली-वर दोन भोकं राहिली, मध्ये रंग न लागलेल्या लाकडाचा तिरका पट्टा. दोन भोकं बुजवायला लांबी घेतली होती. ती डब्यातच राहिली.

मग मी चालत चालत शाळेकडे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना न रंगवलेले गणपती वाळत होते, पांढरेफटक, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. शाळेला कुलूप. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आगपेटीतली काडी काढली, कुलपाच्या भोकात सारली आणि मोडली.

गणपतींना म्हटलं, तुम्ही काही बघितलेलं नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोवर शाळेच्या मावशी धापा टाकत हजर. “सामूशेठ, चला लवकर! कुलूप उघडत नाही. पोरं बाहेर उभी आहेत, बाई तापल्यात.”

“अरेरे,” मी म्हणालो. माझी पिशवी भरून तयारच होती.

कुलूप काढलं. मग कोयंडा हलवून बघितला. मान हलवली. वैद्य नाडी बघून हलवतात तशी.

“बाई, कोयंडाही सैल आहे. आलोच आहे तर बदलून टाकतो.”

“टाका. पण आटपा.”

कोयंडा बदलला. आणि त्याच दमात उजव्या चौकटीवर मेझुझा बसवला, तिरका, मिलकाच्या हाताला येईल असा. मनात बापाचं नाव घेतलं. ड्रिलच्या आवाजात प्रार्थनाही पुटपुटलो. बाई बाहेर आल्या तेव्हा मी भुसा झटकत होतो.

“हे काय?”

“कोयंड्याचाच भाग, बाई. नवीन पद्धत आहे.”

“कोयंडा डावीकडे आणि त्याचा भाग उजवीकडे?”

“म्हणून तर नवीन.”

बाईंनी त्या पितळी डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. “मुलं उन्हात आहेत,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी इतका खूश झालो की घरी जाताना तीन ओळखीच्या माणसांना विनाकारण डोळा मारला.

*

अकरा वाजता आम्ही तिघं शाळेच्या दारात. सिपोराने मिलकाचा हात सोडला. मिलकाने उजवा हात उचलला, आणि तो सरळ पितळावर गेला. बोटं डबीवर, मग ओठांवर. आणि उजवं पाऊल आत, मग डावं.

“आली!” मी ओरडलो. “बाई, बघा! स्वतःच्या पायांनी!”

मिलका व्हरांडा ओलांडून चालत गेली. वर्गाच्या दाराशी पोहोचली. थांबली. उजवा हात उचलला आणि चौकटीवर फिरवायला लागली. खालून वर, वरून खाली.

मी व्हरांड्यातली बाकीची दारं मोजली.

आमच्या घरात प्रत्येक खोलीला मेझुझा आहे. दोनच खोल्या, पण प्रत्येकीला. आणि मी, दारांचा धंदा करणारा, आयुष्यभर दुसऱ्यांची दारं मोजत आलेला मी, शाळेला एकच दार धरून बसलो होतो. वर्गाला दार होतं. पलीकडच्या वर्गाला होतं. खेळाच्या खोलीला होतं, जेवणाच्या खोलीला होतं. मी तिला गावाच्या वेशीतून आत घेतलं होतं आणि आत सगळी घरं बंद.

“कुठंय?” मिलका म्हणाली.

मी पिशवी उघडली. “दोन मिनिटं, बाई. बाहेरचा काढून इथं बसवतो. उद्या दुसरा आणतो, परवा तिसरा...”

“झिराडकर,” कर्णिक बाई म्हणाल्या, “कुलपात काडी तुम्हीच घातली होती ना?”

“बाई, ते मागाहून सांगतो...”

“बावीस वर्षं मी अशीच पोरं सांभाळतेय. पिशवी बंद करा.”

“अहो, ती आता ओरडेल.”

“ओरडू दे.”

“तुम्हाला माहीत नाही ती कशी...”

“अहो, थांबा!” हे मात्र बाई नव्हत्या. सिपोरा होती. व्हरांड्याच्या खांबाशी उभी, पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. “हात नका लावू. काहीच करू नका. जरा काहीही न करता उभे राहा.”

आयुष्यात मला असं कुणी सांगितलं नव्हतं. मी उभा राहिलो. एका बाजूला बाई, एका बाजूला बायको, दोघींची एकमेकींशी ओळख शुक्रवारची, आणि दोघी अशा उभ्या की वर्षानुवर्षं ठरवून आल्यात. वर्गातून दोन-तीन पोरं वाकून बघत होती. एक जाडा मुलगा टाळ्या वाजवत होता, का ते त्यालाच माहीत.

मिलका खाली बसली. “कुठंय कुठंय.” आवाज चढायला लागला. मग मध्येच थांबला. ती उठली. वळली. आणि परत बाहेरच्या दाराकडे चालायला लागली.

गेली, मी मनात म्हटलं. नागोठण्याच्या पोराला जागा मिळाली.

मिलका बाहेरच्या दाराशी गेली. मेझुझाला हात लावला. पण हात ओठांशी नेला नाही. मूठ मिटली. घट्ट, आत पाखरू असावं तशी. आणि ती मूठ पुढे धरून, दुसऱ्या कशाला लागू न देता, परत व्हरांडाभर चालत आली. वर्गाच्या दाराशी थांबली. मूठ उजव्या चौकटीवर ठेवली आणि उघडली. पंजा सपाट लाकडाला टेकवला. मग बोटं ओठांना लावली.

आणि वर्गात गेली. समोर एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बसली.

जाड्या मुलाच्या टाळ्या चालूच होत्या.

सिपोराने बाटलीचं झाकण काढलं आणि स्वतःच पाणी प्यायली. कर्णिक बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“चारला शाळा सुटते,” त्या म्हणाल्या. “डबा उद्यापासून. आज इथं खाईल.”

“आणि बाई, ती डबी?” मी हळूच विचारलं. “काढून घेऊ का? नियम तुमचा...”

“कुठली डबी?”

मी बोट दाखवलं.

“मी शाळेत कुणाचा देव लावू देत नाही,” बाई म्हणाल्या. “पण कोयंड्याचा भाग मी कशाला काढू? नवीन पद्धत आहे म्हणे.”

आणि हसल्या. तेव्हा मला कळलं, माझ्या नियमात बसली मस्करी.

*

दुकानात आलो. दोन वाजले. सवयीने गल्ल्याखाली वाकलो आणि मग आठवलं, म्हणून परत सरळ झालो. मिलकाची बिजागरी जमिनीवर पडली होती, ती उचलून फडताळात ठेवली. गिऱ्हाईक आलं, त्याला कुलूप दिलं. मेवालाल म्हणाला, “सामूशेठ, आज रेडिओ बंद?”

“सेल संपले,” मी म्हणालो.

चार वाजून गेल्यावर सिपोरा नि मिलका दुकानासमोरून जातील हे मला ठाऊक होतं. घरचा रस्ताच तो. मी खिळ्यांच्या पेटीत डोकं घालून बसलो होतो.

“अहो,” सिपोराची हाक आली. “हिची मूठ बघा.”

मिलका रस्त्यात उभी होती. उजवी मूठ मिटलेली.

“शाळेतून निघताना दाराला हात लावला नि मूठ मिटली, ती अजून उघडलेली नाही. पाणी डाव्या हाताने प्यायली. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर मूठ डोक्यावर धरली. मला वाटलं घरी नेतेय. पण घराकडे वळेचना. इकडेच ओढत आली.”

मिलका दुकानाच्या पायरीवर चढली. उजव्या चौकटीकडे बघितलं. तिथे दोन भोकं होती आणि मध्ये लाकडाचा तिरका कोरा पट्टा. तिने “कुठंय” म्हटलं नाही. मूठ बरोबर त्या पट्ट्यावर ठेवली. उघडली. पंजा टेकवला. थोडा वेळ तसाच धरला, नीट लागलं ना बघावं तसा. मग बोटं ओठांना लावली आणि आत आली.

गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. वाट बघत.

मी तयार नव्हतो. खाली दडायला हवं होतं, वर उसळायला हवं होतं, ते काही झालं नव्हतं. मी नुसता स्टुलावर बसलेला. आणि माझ्या डोळ्यांचं असं काही चाललं होतं की ते पोरीला दिसू नये म्हणून मी पटकन गल्ल्याखाली वाकलो आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसायला लागलो. जरा जास्तच वेळ लागला.

वर चाहूल लागली. मी मान वर केली. गल्ल्याच्या कडेवरून एक तोंड उलटं माझ्याकडे बघत होतं, दोन्ही वेण्या खाली लोंबत होत्या.

“भॉक,” मिलका म्हणाली.

नियमाप्रमाणे मला हसणं भाग होतं. हसलो. दारातून सिपोरा विचारत होती काय झालं, काय झालं, आणि मी हसतच होतो, आणि वरचं तोंडही हसत होतं.

पुढच्या महिन्यात दानियल काकांनी मुंबईहून नवा मेझुझा आणून दिला. तो मी घरी मोरीच्या बाजूला नुकत्याच काढलेल्या तिसऱ्या खोलीला लावला. दुकानाच्या चौकटीला आजही दोन भोकं आहेत. रंगारी आला की विचारतो, शेठ, लांबी भरून टाकू? मी त्याला म्हणतो, कोयंड्याचा भाग आहे तो, हात लावू नकोस.